सूपभर कोंडा

(सोलापूर. बाळाचा दहावा दिवस, दुपार. दाक्षायणी बाळंतिणीच्या खोलीत. तिची सासू, जिला ती आत्याबाई म्हणते, बाहेर गेलेली. शेजारची काशम्मा उंबऱ्याबाहेर जोंधळे पाखडत बसलेली.)

दाक्षायणी : ...आणि ही साबणाची वडी बघा मावशी. बाळीच्या दुपट्यांसाठी म्हणून आणली होती. दहा दिवसांत अर्धी झिजली. इऱ्या फेस काढून खेळतोय, दुसरं कोण.

काशम्मा : इऱ्या न्हाय. साबण दिसला की त्यो पळतोय. त्याची मान बघितलीस का? गिरणीतलं पीठ अजून बसलंय तिच्यावर.

दाक्षायणी : गिरणीतलं पीठ? तो गिरणीत कशाला जाईल? दळण थोरला नेतो, चन्नू.

काशम्मा : सहा वर्सांचं पोरगं. कुटं जाईल, कुटं न्हाय.

दाक्षायणी : मावशी, तुम्ही सूप थांबवलंत.

काशम्मा : खडा घावला.

दाक्षायणी : सात रस्त्याच्या दुकानाची पोतीच्या पोती निवडता तुम्ही. खड्यासाठी तुमचं सूप थांबलेलं मी अजून बघितलं नाही.

काशम्मा : बाळी काय म्हनतीय?

बाळ : —

दाक्षायणी : झोपलीय. विषय बदलू नका. इऱ्याचं राहू द्या, इऱ्याचं मला काही वाटत नाही. तो उठल्यापासून पाळण्याला लोंबकळतो. तिच्या कपाळाचा मुका घेतो, तळपायाचा घेतो, मग पाळण्याच्या दोरीचाही घेतो. मला चन्नूचं सांगा.

काशम्मा : चन्नूचं काय.

दाक्षायणी : दहा दिवस झाले, त्यानं तिला एकदासुद्धा हातात घेतलेलं नाही. शाळेतून येतो, उंबऱ्याशी उभा राहतो, जातो. काल म्हटलं, आत ये की, तुझी बहीण बघ. तर म्हणतो, माझी कुठंय, ती काशम्मामावशींची आहे.

काशम्मा : खोटं काय हाय त्यात? सूपभर कोंडा मोजलाय मी.

दाक्षायणी : ते मोठ्यांचं झालं. आत्याबाईंनी जन्मल्याबरोबर तिला सुपात घातली आणि उंबऱ्यावरून तुमच्याकडं दिली. तुमची चारही जगली म्हणून तुमच्या सुपात. तुम्ही कोंडा दिलात आणि म्हणालात, माझी पोर तुझ्याकडं दूध पाजायला ठेवते. मागची एकोणीस दिवसांची होऊन गेली, ही तरी राहावी म्हणून. पाच वर्षांनी तिच्या वजनाचा गूळ देऊन परत घ्यायची. मी नाही म्हटलं का? परवा बारशाला नावसुद्धा कोंडव्वा ठेवायचंय, त्यालाही नाही म्हटलं नाही. पण नऊ वर्षांच्या पोरानं हे तोंडात घेऊन फिरावं? म्युन्सिपालटीच्या नर्सबाई आल्या होत्या त्यांना काय सांगितलं, ठाऊक आहे?

काशम्मा : काय?

दाक्षायणी : त्यांनी विचारलं, भावंडं किती तुम्ही? म्हणाला, दोघं. मग पाळण्यातली कोण? म्हणाला, ती काशम्मामावशींची मुलगी. आणि तुमच्या दाराकडं बोट केलं.

काशम्मा : मी राखुंडी लावत बसले होते. म्हनून बाई माझ्याकडं तशी बघत हुती व्हय. मला वाटलं, दात मोजतीय.

दाक्षायणी : हसू नका. मला लागलं ते. मी त्याच्या वाटणीचं काय काढून घेतलं, तेवढं मला कळू दे. तुमच्याशी बोलतो तो. रोज शाळेतून आल्यावर आधी इथं उंबऱ्यात उभा राहतो, मग तुमच्या अंगणात येऊन काहीतरी सांगतो. खिडकीतून दिसतं मला. काय सांगतो?

काशम्मा : शब्द दिलाय मी.

दाक्षायणी : कुणाला?

काशम्मा : चन्नूला. गळ्यातल्या लिंगावर हात ठिवायला लावला त्यानं मला.

दाक्षायणी : तुम्हाला? चन्नूनं?

काशम्मा : त्याच्या बापाला एवढ्या वर्सांत माझ्याफुडं मोठ्यानं बोलायचं जमलं न्हाय. आन ह्यानं शपथ घालून घेतली.

दाक्षायणी : मग राहू द्या. शपथ मोडा असं मी म्हणणार नाही.

काशम्मा : मोडत न्हाय मी. सकाळपासनं त्याचे शबुद आठवत बसलीय. ‘आज्जीला सांगू नका, इऱ्याला सांगू नका.’ एवढंच म्हनला त्यो. तुझं नाव त्यात न्हवतं.

दाक्षायणी : आत्याबाई बारशाचं विचारायला स्वामींकडं गेल्यात. दिवे लागल्याशिवाय येत नाहीत.

काशम्मा : म्हनूनच जोंधळे घेऊन तुझ्या दारात बसले मी. माझ्या अंगणात काय ऊन पडत न्हाय? पर आधी धाकट्याचं ऐक, त्याबिगर थोरल्याचं कळायचं न्हाय. आन ऐकून झाल्यावर काय बोलायचं ते मला बोल. पोरांना न्हाय.

दाक्षायणी : बोला.

काशम्मा : पाचव्या दिवशी इऱ्या आला माझ्या अंगणात. नखापासनं केसापतोर पांढरा, डोळे तेवढे काळे. मला वाटलं, भस्म फासून कोन स्वामी आले. हातात शाळेची टोपी, टोपीत कोंडा. दोन दिवस पिठाच्या गिरणीत खाली सांडलेलं झाडून गोळा करत हुता. गिरणीवाल्यानं ह्या दारानं हाकलला की त्या दारानं आत. मग तुमची चाळणी घेऊन मागच्या बोळात चाळत बसला.

दाक्षायणी : तरीच चाळणी सापडत नव्हती.

काशम्मा : चाळून पीठ टाकून दिलं आन कोंडा ठिवला. असं करणारा मानूस मी सोलापुरात पहिल्यांदा बघितला. टोपी माझ्या सुपात उपडी केली आन म्हनला, तुमी सूपभर दिला, मी सूपभर आनला, बघून घ्या आन माझी बहीण द्या.

दाक्षायणी : कुणी सांगितलं त्याला विकल्याचं?

काशम्मा : कोन सांगतंय? त्याच्या डोळ्यांदेखतच तर दिली. तुमाला वाटतं, ल्हान हाय, त्याला काय कळतंय. त्याला तेवढंच कळलं. विकली, तर विकत घ्यायची. दुसरं काय करनार?

दाक्षायणी : आणि तुम्ही काय म्हणालात?

काशम्मा : हितंच माझं चुकलं बघ. मला हसू आलं. मी म्हनलं, घेतल्या भावानं कुठला वाणी माल देतोय रं? वर काय देतोस? त्यो उभा राहिला, इचार केला, गेला. आन भोवरा घेऊन आला.

दाक्षायणी : लाल?

काशम्मा : लाल. दोरीसकट. मी म्हनलं, दोरी तरी ठेव. तर म्हनला, भोवरा न्हाय तर दोरी घेऊन काय करू. आन सदऱ्याचा पुढचा पदर असा दोन्ही हातांनी ताणून धरला, बाळी त्यात घ्यायला. हसता हसता माझ्या तोंडातनं गेलं, घे बाबा, झाली तुझी.

दाक्षायणी : असं म्हणालात?

काशम्मा : म्हनले. त्यो उड्या मारत गेला. आन मग ध्यानात आलं. घेनं झालं, देनं झालं, शबुद झाला. पाच वर्सांची मुदत, मी पाचव्या दिवशी परत दिली. त्या दिवशी फुडं सुपाला हात लावला न्हाय मी.

दाक्षायणी : पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचं अंग तापलं होतं.

काशम्मा : ठाऊक हाय.

दाक्षायणी : नर्सबाई म्हणाल्या, शेगडी फार जवळ आहे, लांब सरकवा. सरकवली. सकाळी उतरलं.

काशम्मा : नर्सबाई बरोबरच म्हनाल्या असतील. पर सकाळ व्हायच्या आत माझं काय झालं ते मला ठाऊक. आन उजाडलं तवा दारात थोरला उभा. ऐक. त्यो बोलला तसंच सांगते, माझं मीठ घालत न्हाय.

चन्नू, सहाव्या दिवशी : मावशी, इऱ्या सगळ्या चाळीत सांगत सुटलाय, बाळी आता आपली झाली म्हणून. खरंय?

काशम्मा, सहाव्या दिवशी : गंमत केली रं मी.

चन्नू, सहाव्या दिवशी : पण त्यानं कोंडा दिला?

काशम्मा, सहाव्या दिवशी : दिला.

चन्नू, सहाव्या दिवशी : आणि तुम्ही ‘घे’ म्हणालात?

काशम्मा, सहाव्या दिवशी : म्हनले.

चन्नू, सहाव्या दिवशी : मग ती गंमत कशी?

दाक्षायणी : असं विचारलं त्यानं?

काशम्मा : कोर्टातल्यासारखं. फुडं ऐक.

चन्नू, सहाव्या दिवशी : मग मी परत विकतो. अप्पा कामावर गेलेत. आज्जीला कळलं तर ती इऱ्याला मारेल. अप्पांनंतर घरात मीच मोठा.

काशम्मा, सहाव्या दिवशी : तुझी अव्वा हाय की.

चन्नू, सहाव्या दिवशी : अव्वा अजून उठत नाही. तिला कळलं तर ती नुसती बाळीकडं बघत बसेल, झोपणार नाही.

दाक्षायणी : नसते झोपले.

काशम्मा : ते त्याला ठाऊक हुतं.

काशम्मा, सहाव्या दिवशी : बरं बाबा. घेतली परत. झाली माझी.

चन्नू, सहाव्या दिवशी : अशी नाही. कोंडा द्या. नुसतं तोंडानं म्हटलेलं कसं चालेल? इऱ्यानं आणलेला तोच द्या, सगळा. माझ्या टोपीत.

काशम्मा, सहाव्या दिवशी : मग ह्यो भोवरा बी ने त्याचा.

चन्नू, सहाव्या दिवशी : भोवरा नको. भोवरा दिसला की त्याला कळेल. त्याला वाटू दे, आपलीच आहे. एकाला तसं वाटलं तर चालतं ना?

काशम्मा, सहाव्या दिवशी : चालतंय की.

चन्नू, सहाव्या दिवशी : नक्की?

काशम्मा, सहाव्या दिवशी : नक्की.

चन्नू, सहाव्या दिवशी : मग लिंगावर हात ठेवा.

दाक्षायणी : मावशी, त्या कोंड्याचं काय केलं त्यानं?

काशम्मा : मला बी तेच वाटलं. गेले की त्याच्या मागनं. खालच्या बोळातल्या शेळीफुडं टोपी धरून उभा राहिला. शेळी खाईपतोर हलला न्हाय. मग टोपी उलटी करून झटकली, खाली सांडलेलं बी तिला दाखवलं. परत कुनी गोळा करून आनू नये म्हनून.

दाक्षायणी : आणि मी त्याला त्या दिवशी उशिरा आला म्हणून बोलले.

काशम्मा : बोललीस. मला ऐकू आलं.

दाक्षायणी : ह्याला हे कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं.

काशम्मा : आमी कुनीच न्हाय. माझी चार वाढली माझ्या हातांखाली, बरी वाढली, कमावती हायती. पर असं एक बी न्हाय निघालं. आन तुझी बघ. एकानं होतं न्हवतं ते देऊन बहीण सोडवली. दुसऱ्यानं... थांब, अजून हाय. जाता जाता त्यो परत फिरला.

चन्नू, सहाव्या दिवशी : मावशी, मी तिच्याकडं बघितलेलं चालेल?

काशम्मा, सहाव्या दिवशी : बघ की. तुझे डोळे कुनी बांधलेत?

चन्नू, सहाव्या दिवशी : लांबून बघेन. मांडीवर नाही घेणार.

काशम्मा, सहाव्या दिवशी : का रं?

चन्नू, सहाव्या दिवशी : मागच्या वेळी घेत होतो. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, माझी बहीण लई देखणी आहे. ती गेल्यावर आज्जी म्हणाली, दिवसभर मांडीवर घेऊन बसत होतास, तुझीच दृष्ट लागली.

दाक्षायणी : थांबा.

काशम्मा : थांबले.

दाक्षायणी : आत्याबाई असं म्हणाल्या? त्याला?

काशम्मा : दुःखात मानूस काय बी बोलतंय, दाक्षायणी. त्यांची बी नात हुती. बोलून इसरल्या असतील.

दाक्षायणी : सात वर्षांचा होता तो.

काशम्मा : सात.

दाक्षायणी : दोन वर्षं झाली. मला एका शब्दानं कधी...

बाळ : —

काशम्मा : उठली वाटतं.

दाक्षायणी : नाही. नुसती मूठ उघडली. तुम्ही काय सांगितलंत त्याला?

काशम्मा : जे खरं ते. म्हनलं, दुष्काळाचं साल हुतं, पानी नासलेलं हुतं, त्या म्हैन्यात ह्या चाळीतली तीन लेकरं गेली. त्यांना कुनी मांडीवर घेतलं हुतं? तुझ्या मांडीनं काय झालं न्हाय. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली.

चन्नू, सहाव्या दिवशी : असेल तसं. पण पुन्हा मांडीवर घेऊन कशाला बघायचं?

काशम्मा : एवढं बोलला आन शाळेत गेला. तुझ्याफुडं कधी बोलला हुता असं?

दाक्षायणी : नाही.

काशम्मा : तवापासनं रोज येतोय. तुला खिडकीतनं दिसतोय ते तेच. माझ्या पोरीची खबर मला आनून देतोय. मालकीण हाय न्हवं मी. आज दोनदा शिंकली. आज उचकी लागली, मग थांबली. आज बेंबी पडली. झोपेतनं उठताना डावा डोळा आधी उघडते, मग उजवा.

दाक्षायणी : डावा आधी?

काशम्मा : तुला बी ठाऊक न्हाय ना? मला बी न्हवतं. चार पोरांपैकी कोन कुठला डोळा आधी उघडत हुतं, मी कधी बघितलंच न्हाय. ह्यो उंबऱ्यातनं बघतोय. तुझ्या खोलीत आत येऊन बसलेल्या बायांना जे दिसलं न्हाय, ते ह्याला एवढ्या लांबनं दिसतंय.

दाक्षायणी : आणि मला वाटत होतं, त्याला ती नकोय.

काशम्मा : आता रडू नगंस. दूध आटतंय. मग माझी पोर उपाशी राहील.

दाक्षायणी : तो येऊ दे. जवळ घेऊन सांगते, तुझं काही चुकलेलं नाही. आत ये आणि घे तिला.

काशम्मा : सांग. ऐकून घेईल, मान हलवील. आन उंबऱ्यातच राहील. मी सांगून बघितलं की. आन माझी शपथ गेली ती गेली.

दाक्षायणी : मग काय, हा पाच वर्षं असाच लांबून बघत राहणार? गूळ द्यायचा दिवस येईपर्यंत ती चालायला लागेल, बोलायला लागेल. म्हणेल, हा दादा माझ्याजवळ का येत नाही?

काशम्मा : तेच मला उमजत न्हाय. म्हनून तर तुझ्याकडं आले.

दाक्षायणी : त्याला ती आपली झालेली नकोय.

काशम्मा : व्हय.

दाक्षायणी : तुमचीच राहिली तर त्याला भीती नाही.

काशम्मा : माझीच हाय म्हनून तर त्यो शाळेत तरी जातोय.

दाक्षायणी : चाळीत कुणाचं मूल रडत असलं तर तो काय करतो?

काशम्मा : उचलतो की. मागल्या बिऱ्हाडातली मल्लव्वा भांडी घासायला बसली की तिचं पोरगं ह्याच्याच कडेवर असतंय. त्याचा शेंबूड बी पुसतोय. का?

दाक्षायणी : काही नाही. शाळा सुटली वाटतं.

काशम्मा : सुटली. पोरांचा गलका येतोय.

दाक्षायणी : इऱ्याला बाहेर थांबवाल?

काशम्मा : इऱ्या भोवरा बघायला माझ्या घरात जाईल. रोज जातोय. हात न्हाय लावत, नुसता बघून येतो. ते आले बघ थोरले सायब. न्हाणीकडनं येतायत.

दाक्षायणी : आलास, चन्नू?

चन्नू : हं.

दाक्षायणी : दप्तर ठेव.

चन्नू : ठेवलं बाहेर. झोपलीय ती?

दाक्षायणी : आत्ता जागी होतीय.

बाळ : —

चन्नू : डावा उघडला.

काशम्मा : व्हय की रं. डावाच.

दाक्षायणी : चन्नू, मला जरा दुपट्याच्या घड्या करायच्यात. मावशींच्या हातात सूप आहे. मावशींची पोर थोडा वेळ धरतोस का?

चन्नू : इऱ्याला सांग.

दाक्षायणी : इऱ्या धसमुसळा आहे. त्याच्याकडं आपलं मूल द्यायला मला काही वाटत नाही, पण हे दुसऱ्याचं. जपून धरणारं कुणीतरी पाहिजे.

चन्नू : मावशींना विचारलंस?

दाक्षायणी : तूच विचार. बसल्यात इथंच.

चन्नू : मावशी, धरू?

काशम्मा : धर की. मल्लव्वाचं धरतोस, माझंच काय जड झालंय तुला?

चन्नू : तुमचीच आहे ना अजून? त्यानंतर कुणाला दिली नाही ना?

काशम्मा : माझीच. सूपभर कोंड्यानं घेतलेली. टोपीत घालून दिला न्हवं तुला?

चन्नू : मावशी.

काशम्मा : चुकलं. न्हाय बोलत.

दाक्षायणी : मी काही ऐकलं नाही. मी घड्या करतेय. ये, भिंतीला टेकून बस. मांडी नीट घाल. मानेखाली हात ठेवायचा, असा.

चन्नू : मला येतं.

दाक्षायणी : येतं तुला. विसरलेच मी. बरं, आधी हात धुऊन ये.

चन्नू : धुतलेत. रोज धुऊनच येतो.